साठी ओलांडल्यावर महागडं क्रीम: पैसे कातडीला लागतात की बरणीला?

पणजीची_मीरा
प्रश्न साठीपुढच्या कातडीचा आहे. गाल कोरडे, कपाळावर नि गालफडांवर तपकिरी डाग, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या, नडग्यांवर पांढरा कोंडा. १८ जून रस्त्यावरच्या दुकानात ५० ग्रॅमची बरणी साडेतीन हजाराला दाखवतात. पलीकडच्या फर्मासीत त्याच कामाचं म्हणून एक डबा मिळतो, त्यावर ना सोनेरी झाकण ना फुलाचं चित्र. दोन्हींची मागची बाजू वाचली तर पहिली चार-पाच नावं जवळपास तीच. मग फरक कुठे आहे? जाणकारांनी आकड्यांत सांगावं. "मनाला बरं वाटतं" हे उत्तर माहीत आहे.

फर्मासी_म्हापसा
मीराताई, किमतीच्या आधी ग्रॅम मोजायला शिकावं लागतं, बाकीचं त्यातून आपोआप सुटतं.

माप असं. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, म्हणजे टोकापासून पहिल्या वळीपर्यंत, एक रेघ पिळायची. ती अर्धा ग्रॅम. एका हाताला, पंजा धरून, अशा चार रेघा लागतात. एका पायाला पावलासकट आठ. दोन हात, दोन पाय मिळून चोवीस रेघा, म्हणजे १२ ग्रॅम. कोरड्या कातडीला दिवसातून दोनदा लावायचं म्हटलं की २४ ग्रॅम. महिन्याला ७२० ग्रॅम. पाठ नि पोट यात धरलेलं नाही.

तुमची साडेतीन हजारांची बरणी ग्रॅमला ७० रुपये पडते. ती हातापायांना खरोखर पुरेल इतकी लावली तर महिन्याचं बिल ५०,४०० रुपये. कोणी लावत नाही, हे उघड आहे. लोक काय करतात, तर नखाएवढं घेतात, दोन्ही हातांवर चोळतात, आणि "लावलं" म्हणतात. महागड्या क्रीमचा मोठा दोष हाच: त्याची किंमत हात आखडायला लावते. स्वस्त डबा माणूस मोकळ्या हाताने थापतो, म्हणून तो काम करतो.

हातापायांसाठी पांढरं सॉफ्ट पॅराफिन, लिक्विड पॅराफिन आणि ग्लिसरीन असलेलं साधं क्रीम घ्या, मोठ्या डब्यात. कोंडा धरलेल्या नडग्यांना १० टक्के युरियाचं क्रीम. टाचांच्या भेगांना २० ते २५ टक्के युरिया, पण भेगेतून रक्त येत असेल तर नको, झोंबून जीव जाईल. आधी आठवडाभर पेट्रोलियम जेली आणि रात्री सुती मोजे, भेग मिटली की युरिया.

चेहऱ्याचं गणित वेगळं. तिथे ग्रॅम कमी लागतात, त्यामुळे पैसे टाकायचेच असतील तर वाव तिथे आहे.

बरणीतला_केमिस्ट
वरच्या हिशेबात बरणीच्या आतलं गणित जोडतो.

१०० ग्रॅम साध्या क्रीममध्ये ६५ ते ७५ ग्रॅम पाणी असतं. ग्लिसरीन ३ ते ७. तेलं नि मेणं मिळून १२ ते २०. पाणी-तेल एकत्र धरून ठेवणारं इमल्सिफायर ३ ते ५. टिकवण्यासाठी फेनॉक्सीइथेनॉलसारखं प्रिझर्वेटिव्ह, कमाल १. सुगंध अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. जिच्या नावाने जाहिरात चालते ती वस्तू उरलेल्या जागेत बसते.

लेबलावर घटक उतरत्या क्रमाने लिहितात, पण १ टक्क्याखालचे कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. यातून एक युक्ती निघते. यादीत फेनॉक्सीइथेनॉल शोधा. ते स्वतःच १ टक्क्यावर जात नाही, म्हणून त्याच्या मागे जे जे छापलंय ते एक टक्क्याच्या आत. सोनं, मोत्याची भुकटी, केशर, स्विस सफरचंद नि कॅव्हियार बहुतेक वेळा त्याच्या मागे शेपटीत सापडतात. काही घटक इतक्या कमी प्रमाणातही काम करतात, रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं एक रूप) त्यातलं एक. पण नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप) ५ टक्के आहे असं दर्शनी छापलं असेल, तर ते यादीत वरच्या पाच-सहांत दिसलंच पाहिजे. नसेल तर बरणी परत फळीवर.

कोलॅजन, म्हणजे कातडी ताठ ठेवणारं प्रथिन, त्याच्या क्रीमबद्दल वेगळं बोलावं लागेल, कारण सर्वांत जास्त फसवणूक त्याच नावाने होते. कातडीच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) आतले रेणू आत जातात. कोलॅजनचा रेणू तीन लाखांच्या घरात. दाराच्या फटीतून गवारेडा ढकलण्यातला प्रकार आहे. तो वर बसतो, पाणी धरतो, कातडी तासभर गुळगुळीत लागते. ग्लिसरीनही हेच करतं. ह्यालुरॉनिक ॲसिडच्या मोठ्या रेणूंचीही तीच कथा. त्याच्यावर काही तेलकट लावलं नाही आणि खोलीत एसी चालू असेल, तर वर धरलेलं पाणी उडून जातं आणि कातडी पुन्हा ताणल्यासारखी होते.

आणि सुगंध. साठीनंतर कातडीचा वरचा थर पातळ नि गळका होतो, त्यातून ॲलर्जी शिरायला वाट मिळते. क्रीमच्या ॲलर्जीत सुगंधी द्रव्यं नेहमी वरच्या क्रमांकांवर असतात. म्हणजे महागड्या बरणीत ज्या गोष्टीचे जादा पैसे मोजता, तीच म्हाताऱ्या कातडीला नको असते.

मडगाव_पार्लर
दोघांचंही पटतं, पण निम्मंच. किंमत सगळी झाकणातच जाते असं नाही. सनस्क्रीनचं उदाहरण घ्या. स्वस्तातलं जाड, पांढरं, चिकट. एप्रिलात मडगावच्या बाजारात दहा मिनिटं उभं राहिलं की घामाबरोबर डोळ्यांत. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर ते राखेसारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी बाई ते वाटाण्याएवढं लावते, तिसऱ्या दिवशी लावतच नाही. हलकं, न चिकटणारं, रंग मिसळून जाणारं सनस्क्रीन दुपटीने महाग असेल, पण रोज पूर्ण मापाने लागतं. तिथे पैसे वसूल.

फर्मासी_म्हापसा
मान्य, आणि हे माझ्याच नियमाचं दुसरं टोक आहे. जे पुरेसं लागतं ते चांगलं.

सनस्क्रीनचे आकडे: प्रयोगशाळेत एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडतं त्याचा आकडा, मोजताना चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देतात. चेहरा, कान नि मान मिळून साधारण सव्वा ग्रॅम होतो. घरगुती माप म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत रेघ. निम्मं लावलं की छापलेला एसपीएफ ५० निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर ४० दिवस, दोनदा लावली तर २० दिवस. जिची ट्यूब सहा महिने पुरते ती सनस्क्रीन लावत नाही, त्याचा वास घेते.

एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे अतिनील किरण) अडवतो, ५० सुमारे ९८. तेव्हा १०० च्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. पीए+++ किंवा पीए++++ पाहा, ती यूव्हीए, म्हणजे खोल शिरणारे अतिनील किरण, अडवण्याची खूण. सुरकुत्या नि डागांत यूव्हीएचा हात मोठा आणि तो खिडकीच्या काचेतून आत येतो. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्याने बराचसा अडवते, बाजूची तेवढा अडवत नाही, म्हणून चालवणाऱ्याच्या उजव्या गालावर डाग जास्त. स्कूटरवर हाताच्या पंजांची मागची बाजू उघडी असते. पंजे विसरू नका, वय तिथे आधी दिसतं.

गोवा १५ अंश अक्षांशावर आहे. मार्च ते मे दुपारचा यूव्ही निर्देशांक ११ च्या वर जातो. पावसाळ्यात ढग आहेत म्हणून सुट्टी नाही, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही खाली येतो. मिरामारला सकाळी सातच्या आत फेरी मारून घरी आलात तर फार चिंता नको. नऊनंतर मात्र कोरडी वाळूसुद्धा १५ टक्क्यांच्या आसपास परावर्तित करते, छत्रीखाली बसलं तरी खालून लागतं.

पुरावा म्हणाल तर ऑस्ट्रेलियात नॅम्बोर इथे ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाचणी झाली, निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत कातडी म्हातारी होण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी निघालं. ती सगळी ५५ च्या आतली माणसं होती, हेही सांगायला हवं. पण सोन्याच्या क्रीमपाशी याच्या जवळपासचंही काही नाही.

त्वचा_ओपीडी
एक जोड. गोऱ्या कातडीवर उन्हाने आधी सुरकुत्या येतात, आपल्याकडे आधी डाग. वांगासारखे डाग उन्हातल्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात, तो साध्या सनस्क्रीनने अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लागतं. इथे मडगावच्या ताईंशी सहमत: कातडीच्या रंगाशी जुळणारी छटा मिळत असेल तर दोनशे रुपये जास्त द्यावेत.

पणजीची_मीरा
सनस्क्रीन नि मॉइश्चरायझर कळलं. पण सुरकुत्यांवर खरोखर काही आहे का? रेटिनॉलच्या ३० मिलीच्या बाटल्या दोन-अडीच हजारांना दिसतात. आणि इतकं सनस्क्रीन थापल्यावर ड जीवनसत्त्वाचं काय?

त्वचा_ओपीडी
ड जीवनसत्त्वाचं आधी, कारण ते लहान आहे: साठीनंतर कातडीची ते बनवण्याची ताकद तशीही घटलेली असते. रक्तातली पातळी तपासून गोळी घेणं हा सरळ मार्ग. त्यासाठी चेहरा भाजायची गरज नाही.

आता सुरकुत्या. लावायच्या औषधांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो ट्रेटिनॉइनचा. उन्हाने जून झालेल्या कातडीवर त्याचे परिणाम १९८६ पासून नोंदले गेले आहेत. गंमत बघा: रेटिनॉल हे ट्रेटिनॉइनचं कच्चं रूप. कातडीत त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक ॲसिड व्हावं लागतं, आणि ट्रेटिनॉइन म्हणजेच रेटिनॉइक ॲसिड. वाटेत बरंचसं गळतं, म्हणून रेटिनॉल काही पटींनी कमजोर. तरी बाटली महाग, कारण ती चिठ्ठीशिवाय विकता येते नि जाहिरात करता येते. ट्रेटिनॉइनची २० ग्रॅमची ट्यूब काही शेकड्यांत येते, पण डॉक्टरांची चिठ्ठी लागते. वाटाण्याएवढं, म्हणजे पाव ग्रॅम, एका रात्रीला. २० ग्रॅम म्हणजे ८० रात्री.

लावायची रीत नीट वाचा, कारण दहातल्या सहा-सात तक्रारी रीत चुकल्याने होतात.

०.०२५ टक्क्याचं क्रीम घ्या, जेल नको. जेल कोरड्या कातडीला जास्त सोलतं. रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या, २० ते ३० मिनिटं थांबा. ओल्या कातडीवर ते खोल शिरतं आणि आग होते. मग नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे नि पापण्या यांवर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा, तिथे औषध साचतं. साठीपुढे थेट कातडीवर न लावता आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर द्या. वाटाण्याएवढं क्रीम कपाळ, दोन गाल, हनुवटी असं ठिपके ठिपके ठेवून पसरवा. वर पुन्हा मॉइश्चरायझर. पहिले चार आठवडे सोमवार नि गुरुवार, एवढंच. मग एक दिवसाआड. रोज लावणं जमलं तर ठीक, नाही जमलं तरी काही बिघडत नाही.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात सालं निघतात, चेहरा लालसर होतो. इथे लोक दोन चुका करतात. एक, घाबरून बंद. दोन, सालं काढायला स्क्रब घासणं. दोन्ही नको. आठवडाभर थांबा, साधं क्रीम लावा, मग आठवड्यातून एकदा सुरू करा. मान चेहऱ्यापेक्षा नाजूक, तिथे तीन महिने तरी जाऊ नका. गुळगुळीतपणा तीन महिन्यांत कळतो, बारीक रेषा सहा ते बारा महिन्यांत हलतात. नाकापासून ओठांपर्यंतची खोल घडी कुठल्याही ट्यूबने जात नाही. तिथे खालची चरबी नि हाडच सरकलेलं असतं, कातडीला दोष देऊन उपयोग नाही.

एक्झिमा असेल, चेहरा आधीच लाल-तापट असेल तर हे औषध नको. मुरुमांच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर एकाच वेळी नको, ते ट्रेटिनॉइन मोडून टाकतं. आणि दिवसा सनस्क्रीन लावणार नसाल तर सुरूच करू नका.

चिठ्ठीसाठी खासगीत जावं लागतं असंही नाही, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग विभागाची ओपीडी आहे.

बरणीतला_केमिस्ट
क जीवनसत्त्वाच्या सीरमबद्दल कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो, कारण इथे महाग-स्वस्त हा फरक खराच असू शकतो. ॲस्कॉर्बिक ॲसिड १० ते २० टक्के हवं, आणि द्रावणाचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ३.५ च्या खाली, नाहीतर ते आत जात नाही. १५ टक्के क, १ टक्का ई नि अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड हे मिश्रण जास्त टिकतं आणि जास्त काम करतं. ते नीट बनवायला खर्च येतो.

पण गोव्यात ते मरतं कशाने? उष्णतेने नि हवेने. ड्रॉपरची बाटली दिवसातून एकदा उघडली की दरवेळी ताजी हवा आत. पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असलेलं सीरम गर्द चहासारखं झालं की ते संपलं, लावण्यात अर्थ नाही, उलट कातडीला डाग पडल्यासारखा रंग येतो. फ्रिजच्या दारात ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपवा, आणि हवाबंद पंपाची बाटली मिळाली तर तीच घ्या. ४५ अंशांपर्यंत तापलेल्या कुरिअरच्या गाडीतून आलेली दोन हजारांची बाटली आधी झाकण उघडून रंग पाहूनच ठेवून घ्या.

हे सगळं झेपत नसेल तर ५ टक्के नायसिनामाइड घ्या. डागांवर हळू पण खरं काम करतं, स्वस्त आहे, गरमीला दाद देत नाही, कातडीचा थर घट्ट करतं.

साखळीकर
एवढं केमिकल पुराण कशाला? घरचं खोबरेल नि भिरंडेल काय वाईट? आपल्या आज्ज्या काय साडेतीन हजाराची बरणी लावायच्या?

शुश्रूषा_वास्को
साखळीकरबाब, वाईट नाही, जागा कळली पाहिजे. हातापायांच्या कोरडेपणाला खोबरेल चांगलं काम करतं, न्हाऊन अंग ओलसर असतानाच चोळलं तर. चेहऱ्यावर मात्र ज्यांना छाती-पाठीवर पांढरे शिबे येतात किंवा भुवयांत कोंडा धरतो त्यांनी जपावं, ती बुरशी तेलावर पोसते. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, ३८-४० अंशांपर्यंत घट्टच राहतं. म्हणून टाचांच्या भेगांत ते मेणासारखं बसतं. गरम वाटीत पातळ करून भेगेत भरावं, वर मोजे. भेगांपुरतं हे महागड्या "फूट बाम"च्या तोडीस तोड आहे.

नको ते लिंबू, हळदीत पिळलेलं आणि मग उन्हात. लिंबाच्या रसाने उन्हात चट्टा भाजतो आणि महिनोन् महिने काळा राहतो. चण्याचं पीठ नि मुलतानी माती तेलकट विशीला ठीक, सत्तरीच्या कातडीतलं उरलंसुरलं तेलही ओढून काढतात. कोरफडीचा गर नि गुलाबपाणी घुसळून बरणीत भरून ठेवणंही नको. त्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं, आपल्या दमट हवेत चार दिवसांत बुरशी धरते, आणि डोळ्याला न दिसणारे जंतू त्याआधीच.

आता सत्तरीपुढच्यांबद्दल, कारण धागा सुरकुत्यांवरच अडकलाय. त्या वयात खरी तक्रार सुरकुतीची नसते, खाजेची असते. कारण साधं: पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन साधारण ३० टक्के घटतं, तेल सुटणं कमी होतं, वरचा थर पाणी धरत नाही. त्यावर रोज दोनदा कढत पाणी नि अंगभर साबण. साबणाच्या वडीचा सामू ९-१०, कातडीचा साडेचार ते साडेपाच.

करायचं असं. पाणी कोमट, न्हाणं पाच ते दहा मिनिटं. साबण फक्त काखा, जांघा, पावलं. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. तीन मिनिटांच्या आत, अंग दमट असताना, क्रीम. लावताना केसांच्या दिशेने वरून खाली, उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी फोड येतात. डब्यात बोटं न घालता स्वच्छ चमच्याने काढावं.

आणि दोन धोके, जे बरणीवर कोणी ठळक छापत नाही. क्रीम लावून लगेच ओल्या लादीवर पाऊल टाकू नये, म्हातारी माणसं अशानेच घसरून खुब्याचं हाड मोडून घेतात. पावलांना लावायचं ते पलंगावर बसून. दुसरं, पॅराफिन मुरलेले कपडे नि चादरी झटकन पेट घेतात, धुतल्यावरही तो अंश पूर्ण जात नाही. देवापुढची समई, गॅस, विडी यांपासून लांब.

पावसाळ्यात ऋतू बघून बदल हवा. जून ते सप्टेंबर जाडसर मलम घामाबरोबर मिसळून घामोळं नि केसतोड आणतं, तेव्हा लोशन पुरे. स्तनांखाली, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावूच नये, कोरडं ठेवावं. तिथे लाल चट्टा, कडेला बारीक पुळ्या दिसल्या तर ती बुरशी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारा सुटतो तेव्हा मात्र जाड मलमाशिवाय नडग्या फुटतात.

क्रीम नीट लावून दोन-तीन आठवड्यांत खाज उतरली नाही तर साखर, किडनी, यकृत, थायरॉइड, लोह तपासून घ्यावं. खाजेसाठी झोप आणणारी गोळी आपणहून देऊ नये, रात्री उठताना तोल जातो.

साखळीकर
समईचं माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं.

त्वचा_ओपीडी
गोळ्यांबद्दल शुश्रूषाताईंना जोड. ब्लडप्रेशरच्या हायड्रोक्लोरोथायझाइडने कातडी उन्हाला हळवी होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांच्या हातांवर जांभळे चट्टे येतात, ते क्रीमने जात नाहीत आणि त्यासाठी गोळी बंद करायची नसते.

आणि स्वस्त म्हणजे सगळं चांगलं असाही अर्थ कोणी काढू नये. या धाग्यात सर्वांत घातक वस्तू साडेतीन हजारांची नाही, शंभर-दीडशेची आहे. हायड्रोक्विनोन (डाग उजळवणारं औषध), ट्रेटिनॉइन नि मोमेटासोन अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब. आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणून शेजारीण शेजारणीला देते. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. महिन्यांनंतर कातडी कागदासारखी पातळ, लाल शिरा, हनुवटीवर केस, नि बंद केलं की आगडोंब. आधीच पातळ झालेल्या कातडीवर तर विचारूच नका. २०१८ पासून स्टेरॉइडची क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ट्यूबवर "मोमेटासोन", "क्लोबेटासोल", "बीटामेथासोन" वाचता आलं पाहिजे. गजकर्णावर लावायच्या मिश्र मलमांतही तेच लपलेलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे परदेशातून कोणीतरी आणून दिलेली, आयात नोंदणी क्रमांक नसलेली गोरं करणारी क्रीमं. काहींत पारा असतो. तो कातडीतून रक्तात जातो नि किडनी बिघडवतो. लघवीला फेस, पायांवर सूज ही खूण. लेबलावर "कॅलोमेल", "मर्क्युरस" काही दिसलं, किंवा घटकांची यादीच नसली, तर फुकट मिळालं तरी नको.

तपकिरी, चिकटवल्यासारखे खरबरीत डाग वयाने येतात, निरुपद्रवी असतात, पण कुठल्याही क्रीमने गळत नाहीत. नको असतील तर डॉक्टर पाच मिनिटांत जाळून काढतात. वाढणारा, रंग बदलणारा, रक्त येणारा किंवा सहा आठवड्यांत न भरणारा डाग मात्र दाखवायचाच.

मडगाव_पार्लर
पिण्याच्या कोलॅजन पावडरबद्दल कोणी बोलाल का? चवथीच्या आधी सगळ्याजणी तेच विचारतात.

बरणीतला_केमिस्ट
पोटात गेल्यावर त्याचे तुकडेच होतात, कुळथाच्या प्रथिनांचे होतात तसे. फायदा दाखवणाऱ्या बऱ्याच चाचण्या पावडर विकणाऱ्यांच्या पैशांवर झालेल्या आहेत. पैसे सनस्क्रीनमध्ये घाला.

पणजीची_मीरा
मग महिन्याला हजार रुपये धरले तर वाटणी कशी करावी?

फर्मासी_म्हापसा
निम्मे सनस्क्रीनला, डोळे मिटून. तीनशे अंगाच्या क्रीमच्या डब्याला, बिनवासाचा. उरलेल्यांत सौम्य फेसवॉश नि ट्रेटिनॉइन, दोन्ही दोन-अडीच महिने पुरतात म्हणून बसतात. डोळ्यांसाठी वेगळं १५ ग्रॅमचं क्रीम घेऊ नका, चेहऱ्याचंच बिनवासाचं चालतं. नाइट क्रीम, डे क्रीम हा भेदही सोडा. डे क्रीममधला एसपीएफ १५ सनस्क्रीनच्या जागी धरू नका, कारण ते कोणीच सव्वा ग्रॅम लावत नाही.

पणजीची_मीरा
शेवटचं. ट्रेटिनॉइन चालू असताना भुवया कोरून घेतल्या तर?

मडगाव_पार्लर
थ्रेडिंगच्या पाच दिवस आधी नि तीन दिवस नंतर बंद ठेवा. वॅक्स तर चेहऱ्याला लावूच देऊ नका, कातडी पट्टीबरोबर निघून येते. आणि पार्लरमध्ये बसल्या बसल्या आधी सांगा, दोरा हातात घेतल्यावर नको.